तीसकाकांचा उजवा डोळा

कल्पना करा, तुमच्या हातात काळ्या दगडाचा एक तुकडा आहे. आगपेटीएवढा. तुम्हाला तो घासायचा आहे. किती? तर त्यातून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत.

दगडातून कुठे उजेड जातो, असं तुम्ही म्हणाल. जातो. आधी दगडाची एक बाजू घासून अगदी सपाट करायची. ती काचेच्या पट्टीवर पक्की चिकटवायची. मग करवतीने वरचा दगड कापून टाकायचा. काचेवर उरते एक चकती. ती पाण्यात कालवलेल्या कार्बोरंडम नावाच्या खरखरीत भुकटीवर घासत राहायची, दोन बोटं काचेच्या पाठीवर ठेवून, गोल गोल, एका लयीत. पोस्टकार्डाएवढी पातळ झाली की वाटतं, जमलं. खरं काम तिथून सुरू होतं. साध्या कागदाएवढी, मग त्याहून कमी, मग केसाच्या जाडीच्याही निम्म्याहून कमी. तीस मायक्रॉन. अशा तेहतीस चकत्या एकावर एक रचल्या तर कुठे एक मिलिमीटर भरतो. इतकी पातळ झाल्यावर काळा ठिक्कर दगड आतून उघडतो आणि त्यातले स्फटिक दिसू लागतात. त्यापुढे हात पाच-दहा फेरे जास्त फिरला, की काचेवर काहीच उरत नाही. कोट्यवधी वर्षं टिकलेला दगड पाण्याबरोबर मोरीत जातो.

हे काम ते एकतीस वर्षं करत होते. त्या तीस मायक्रॉनवरूनच त्यांना सगळे तीसकाका म्हणायचे. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं.

त्यांची खोली दगडांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या तळघरात होती. भिंतीत अगदी वर एक आडवी खिडकी. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. तीसकाका चपलांवरून माणसं ओळखायचे, पण त्या माणसांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. खोलीत एक करवत, घासायच्या तीन जाड काचा, एक नळ, वरून परत आलेल्या जुन्या चकत्यांचे भिंतभर लाकडी खण आणि टेबलावर एकाच नळीचा जुना मायक्रोस्कोप. वरच्या मजल्यावर दोन डोळ्यांनी बघायचे नवे मायक्रोस्कोप आले, तेव्हा एक यांनाही देऊ केला होता. "मला एक डोळा पुरतो," असं म्हणून त्यांनी तो परत पाठवला. एकतीस वर्षं त्यांनी उजवा डोळा नळीला लावला आणि डावा मिटून ठेवला. आता तर घरीदारीही रंग पारखायचा झाला, की डावा आपोआप मिटायचा.

ते जाडी यंत्राने मोजत नसत. रंगावरून ओळखत. लाव्हाच्या दगडात फेल्डस्पार नावाचे पट्टीसारखे स्फटिक असतात. प्रकाश गाळणाऱ्या दोन काचांच्या मधे चकती धरली, की जाड चकतीतले हे स्फटिक वाळल्या गवतासारखे पिवळे दिसतात. घासत गेलं की पिवळा उतरतो, पांढरा येतो, मग करडा. पांढरट करडा दिसला की हात थांबवायचा. तिथे तीस मायक्रॉन असतात. वरच्या सरांनी एकदा गंमत म्हणून त्यांच्या वीस चकत्या यंत्रावर मोजल्या होत्या. एकोणीस बरोबर तीस भरल्या आणि एक एकतीस. त्या एकतिसाव्या मायक्रॉनबद्दल तीसकाका आठवडाभर घुश्शात होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. सकाळी चहा ठेवला आणि तो उकळायच्या आत गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, आणि म्हणून त्यांचं म्हणणं खोडून काढणारंही कुणी नव्हतं. घराच्या भिंती मळकट पिवळ्या वाटल्या म्हणून त्यांनी रंग काढून घेतला. तरी पिवळ्याच. मग दिवे बदलले, दुकानदाराला चार शब्द सुनावले आणि पुन्हा बदलले. सगळ्यात जास्त बोलणी खायचा तो कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला.

"हा काय शर्ट आहे?" रविवारी सकाळी त्यांनी गठ्ठा त्याच्या टेबलावर आपटला. "पांढरा दिला होता तुला मी."

"पांढराच आहे, काका."

"हा पांढरा? हळदीत बुडवल्यासारखा दिसतोय. घरी धुतले जायचे तेव्हा दुधासारखे असायचे."

"काका, खरं सांगू का, तुमचे शर्ट पहिल्यांदा माझ्याकडे आले ना, तेव्हा..."

"तू नको मला सांगू. रंग ओळखण्यात हयात गेली माझी."

लाँड्रीवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माणूस एकटा आहे, बोलून मोकळा होतो, एवढं त्याला समजत होतं.

त्याच आठवड्यात ती मुलगी तळघरात आली. तीन वर्षं ती वरच्या मजल्यावर संशोधन करत होती, पण दगड शिपायाबरोबर पाठवायची. या वेळी स्वतः आली. हातात रुमालात गुंडाळलेला दगड होता, आणि तो तिने असा धरला होता की जणू आत पक्ष्याचं पिल्लू आहे.

"काका, हा एकच आहे माझ्याकडे."

"सगळे असंच म्हणतात. मग पोतं भरून आणतात."

"नाही हो. खरंच एकच. ज्या कड्यावरून काढला तो कडाच नाही आता. खाणवाल्यांनी सुरुंग लावला. मी महिन्याने परत गेले तर तिथे रस्ता होता."

तीसकाकांनी दगड घेतला, नळाखाली धरला आणि अंगठ्याने पुसला. एका कडेला जेमतेम नखाच्या जाडीचा काळा चकचकीत थर होता. डांबर लावल्यासारखा.

"हे काच आहे," ते म्हणाले.

मुलीचे डोळे चमकले. "बरोबर! लाव्हा वाहत आला आणि ओल्या चिखलाला टेकला. जिथे टेकला तिथे क्षणात गोठला. स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही, म्हणून काच. त्याच्या थोडं आत गेलं की सुईच्या टोकाएवढे स्फटिक, आणखी आत थोडे मोठे. हा लाव्हा आत पूर्ण थंड व्हायला काही वर्षं लागली असतील. पण ही कड, ही काही सेकंदांत झाली. मला कडेपासून आतपर्यंत सगळे स्फटिक मोजायचे आहेत. म्हणजे कळेल की तो किती वेगाने निवत गेला."

"आणि जमिनीच्या खालीच राहिला असता तर?"

"तर मॅग्माच म्हणायचं त्याला. तिथे हजारो वर्षं गरम राहिला असता, स्फटिक हरभऱ्याएवढे झाले असते. तुम्हाला माहितीये की, काका! माझी परीक्षा घेताय?"

"बघतोय, मॅडमना दगड कळतो की नुसता कॉम्प्युटर."

ती हसली. त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं. मग तिचा चेहरा पुन्हा ताणला गेला. "काका, माझी तीन वर्षं या एका कडेवर उभी आहेत. कड गेली तर मी पहिल्यापासून."

"एकतीस वर्षांत माझ्या हातून कड गेलेली नाही," तीसकाका म्हणाले. त्यात फुशारकी नव्हती. तसं खरंच होतं.

त्यांनी दगड करवतीवर उभा चिरला. आरशात दिसावेत तसे दोन सारखे तुकडे झाले, दोन्हींना काचेची कड. एक त्यांनी खणात ठेवला, दुसरा कामाला घेतला. ज्याने हे काम केलंय त्याला ठाऊक असतं, की चकती मधे जाड राहते आणि कडेला आधी झिजते. म्हणून कड सांभाळायची तर शेवटच्या टप्प्यात डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. पाच फेरे, नळाखाली धुवायचं, मायक्रोस्कोप. पाच फेरे, धुवायचं, मायक्रोस्कोप.

पिवळा. पाच फेरे. अजून पिवळा. तीसकाकांना बोटांखाली काहीतरी वेगळं लागत होतं. काच फार अलगद सरकत होती. बोटं म्हणत होती, थांब. पण डोळा म्हणत होता, पिवळा आहे. त्यांनी आयुष्यभर डोळ्याचं ऐकलं होतं. आणखी पाच फेरे. आणखी पाच. मग कुठे तो पांढरट करडा आला, आणि त्यांनी चकती पुसून, काचेवर हिऱ्याच्या टोकाने नंबर आणि तारीख कोरून वर पाठवली.

अर्ध्या तासाने मुलगी खाली आली. ती रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर बरं झालं असतं.

"काका, कड कुठाय?"

"कड आहे की."

"नाही. काचेचा थर पूर्ण गेलाय. त्याच्या आतले बारीक स्फटिकही गेलेत. जे उरलंय ते इतकं पातळ आहे की सगळं काळपट दिसतंय. सरांनी मोजली. सतरा मायक्रॉन."

"मशीन बिघडलं असेल तुमचं."

तिने मान वळवली. तिच्या मागे दारात सर उभे होते. ते भले गृहस्थ होते, म्हणून त्यांना बोलायला जड जात होतं.

"काका, ही एकच नाही. वर्षभर तुमच्या चकत्या पातळ येताहेत. मुलं गप्प बसतात, तुमचा मान ठेवतात. पण वर काय चालतं ते तुमच्या कानावर आलेलं बरं. तीसकाका आता वीसकाका झाले, असं म्हणतात."

मुलीने मान खाली घातली. ती थट्टा तिलाही ठाऊक होती.

"दुसरा अर्धा तुकडा आपण बाहेर पाठवू," सर म्हणाले. "तिकडे स्वयंचलित यंत्र आहे. उद्या सकाळी कुरियरवाला येईल. आणि तुम्ही थोडे दिवस... दगड कापायचंच काम बघा. घासायचं राहू द्या."

ते दोघं गेले. वरच्या खिडकीतून पाय जात राहिले. तीसकाका स्टुलावर बसून होते. त्यांच्याकडे या खोलीशिवाय काही उरलं नव्हतं, आणि आता खोलीतलं कामही हातचं जात होतं. ती मुलगी 'एकच आहे माझ्याकडे' म्हणाली होती. तेही तेच म्हणू शकले असते.

त्यांनी खणातून एक जुनी चकती काढली. त्यांच्या उमेदीतली, तीस भरलेल्यांपैकी एक. मायक्रोस्कोपखाली धरली आणि उजवा डोळा लावला. पिवळी. यंत्रावर मोजलेली तीस मायक्रॉनची चकती, आणि पिवळी! त्यांनी दिवा तपासला, काचा पुसल्या, पुन्हा बघितलं. पिवळीच. बघून बघून उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. त्यांनी तो रुमालाने दाबून धरला, आणि केवळ थकून, काही न ठरवता, डावा डोळा नळीला लावला.

करडी. स्वच्छ, पांढरट करडी.

उजवा लावला. पिवळी. डावा. करडी.

असं त्यांनी किती वेळा केलं ते त्यांनाच आठवत नाही. मग ते उठले आणि भिंतीपाशी गेले. उजव्या डोळ्याने भिंत पिवळी होती. डाव्याने ती नुकत्याच दिलेल्या चुन्यासारखी होती, थोडी मळकट, पण पांढरी. तीसकाकांना हसू आलं. ज्याच्या जिवावर त्यांनी सगळ्या दुनियेला खोटं ठरवलं होतं, तोच डोळा खोटं बोलत होता.

मग त्यांनी आपल्याच कामाची झडती घेतली. प्रत्येक चकतीवर तारीख होती. डाव्या डोळ्याने ते एकेक खण मागे मागे जात राहिले. गेल्या वर्षीच्या काळपट. त्याआधीच्या जरा कमी काळपट. तीन वर्षांपूर्वीच्या किंचित. चार वर्षांपूर्वी, थंडीच्या एका महिन्यात, सगळं बरोबर होतं. म्हणजे चार वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. इतकं हळू, की त्यांच्या स्वतःच्या लक्षातही आलं नव्हतं.

संध्याकाळी संस्था सुटायच्या आधी ते वरच्या मजल्यावर गेले. सगळ्यांनी माना वर केल्या. तीसकाका वर येत नसत.

"पोरी, खाली ये जरा," ते म्हणाले. "उद्या कुरियरवाला येईल त्याच्या आत."

खाली आल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, नळाकडे बघत होते.

"मोतीबिंदू असेल, काका," ती हळूच म्हणाली. "माझ्या आजोबांना झाला होता. बुबुळामागचं भिंग पिवळं पडतं. ऑपरेशन अगदी साधं असतं."

"ते बघू नंतर. आत्ता त्या दुसऱ्या तुकड्याचं बोल. बाहेरच्या यंत्राला कड कळत नाही. ते सगळीकडे सारखं घासतं आणि कड आधी जाते. हाताने केलं तर वाचेल. माझा हात शाबूत आहे. डावा डोळा बराय, पण मला त्याची सवय नाही, आणि उद्या तोही दगा देईल. म्हणून म्हणतो," इथे ते थांबले, कारण हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षांत कुणाला ऐकवलं नव्हतं, "तू इथे बस आणि मला रंग सांग."

"मी? आणि चुकलं तर?"

"तर तुझं तू चुकवलंस. माझ्यावर ढकलता येणार नाही."

तिला हसू फुटलं. मग तिने सरांना फोन केला. "हो सर, माझा तुकडा आहे, माझी जबाबदारी," असं दोनदा म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

संध्याकाळीच काचेवर चिकटवलेला तो तुकडा रात्रभर सुकला. सकाळी साडेआठला त्यांनी काम सुरू केलं. चकती घासून घासून कागदाएवढी झाली, तशी खोलीत फक्त भुकटीची खरखर आणि तिचा आवाज उरला.

"रंग?"

"पिवळा. गवतासारखा."

पाच फेरे. धुतलं.

"रंग?"

"पिवळाच, पण फिका."

"फिका म्हणजे कसा? नीट सांग. लिंबाच्या आतल्या सालीसारखा?"

"तसाच!"

तीन फेरे. आता त्यांनी चकतीच्या मधल्या भागावर बोट टेकलं, कडेवरचा भार काढला. दोन फेरे.

"रंग?"

"पांढरा... थांबा. पांढरा, मधे करडं येतंय. काका, थांबा! थांबा!"

त्यांचे हात आधीच थांबले होते. बोटांना कळलं होतं.

तिने चकती हलवून कड नळीखाली आणली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग ती बाजूला झाली. "बघा."

तीसकाकांनी डावा डोळा लावला. कडेला तपकिरी काच होती, निरभ्र, तिच्यात काही नाही. मग धुळीसारखे ठिपके. मग सुया. मग पट्ट्या, एकमेकींत अडकलेल्या, करड्या आणि पांढऱ्या. चार मिलिमीटरांत एका लाव्हाचं निवणं. हजारो चकत्या घासल्या, पण तयार चकती अशी नुसती बघत बसायला ते कधी थांबले नव्हते. रंग बघायचे आणि वर पाठवायचे.

"तीस," ते म्हणाले.

"सर मोजतील ना."

"मोजू दे. तीसच आहे."

यंत्रावर एकोणतीस भरली. मुलगी म्हणाली, "एक मायक्रॉन माझा गेला, काका," आणि ते म्हणाले, "शिकशील." सरांनी कुरियरवाल्याला परत पाठवलं. तीसकाकांना डोळ्याच्या दवाखान्यासाठी सुट्टी दिली आणि घासायचं काम त्यांच्याकडेच ठेवलं. डोळा बरा होईपर्यंत रंग सांगायला मुलगी रोज तासभर खाली येणार होती.

त्या संध्याकाळी घरी जाताना ते लाँड्रीपाशी थांबले. उजवा डोळा मिटून, डावा उघडा ठेवून त्यांनी टांगलेल्या आपल्या शर्टांकडे बघितलं. सगळे पांढरे होते.

"माझं चुकलं बाबा," ते म्हणाले. "शर्ट पांढरेच आहेत. माझा डोळा बिघडलाय."

लाँड्रीवाला इस्त्री हातात धरून बघतच राहिला. "असू द्या हो, काका."

"त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतास. मी तोडलं तुला. पहिल्यांदा शर्ट आले तेव्हा, म्हणून."

"ते होय. अहो, तुमचे शर्ट आले ना, त्यांना नीळ इतकी होती, इतकी, की मला वाटलं आकाशी शर्टच आहेत. चार धुण्यांत मारून मारून काढली मी. म्हटलं, काकूंचा हात सैल होता वाटतं. आणि तुम्ही म्हणता आधी दुधासारखे होते!"

तीसकाका घरी आले. दिवा न लावता कपाट उघडलं, कारण बाहेर अजून पुरेसा उजेड होता. खालच्या कप्प्यात एक शर्ट होता, बायकोने शेवटचा धुऊन घडी करून ठेवलेला. तो त्यांनी कधी घातला नव्हता आणि लाँड्रीत दिला नव्हता. तो घेऊन ते खिडकीपाशी गेले.

डावा डोळा मिटला. शर्ट पांढराशुभ्र, दुधासारखा.

उजवा मिटला. शर्ट फिक्या आकाशासारखा निळा.

त्यांना आठवलं. एकदा ती म्हणाली होती, "अहो, हा पडदा पांढराच आहे," आणि त्यांनी तिलाही तेच सुनावलं होतं, की रंग मला शिकवू नकोस. त्यानंतर तिने कधी रंगाचा विषय काढला नाही. शर्ट मात्र दर आठवड्याला पांढरे होत गेले. म्हणजे दर आठवड्याला ती बादलीत थोडी जास्त नीळ टाकत होती, बाहेरच्यांना निळे दिसले तरी चालतील, पण यांना पांढरे दिसावेत म्हणून.

चकत्यांवर तारखा होत्या, म्हणून डोळा कधी बिघडला ते त्यांना सांगता येत होतं. शर्टावर तारीख नव्हती. ते खिडकीत उभे राहून एकदा हा डोळा, एकदा तो डोळा मिटत राहिले. तिला नेमकं कुठल्या दिवशी कळलं असेल? आणि कळल्यावर एवढं सगळं केलं, तर मग एका शब्दाने सांगितलं का नाही?